आठ वर्षे ठरलेली, दोन वर्षे मनाची

"हल्ली कुणी मन लावून काम करत नाही," हे वाक्य आम्ही किती जणांच्या तोंडून ऐकले असेल, त्याची गणती नाही. लूमचे सेठ हेच म्हणतात, संस्थेचे चेअरमन हेच म्हणतात आणि भांडी-कपड्यांना येणाऱ्या खालांबद्दल आमच्या नात्यातल्या बायकाही हेच म्हणतात. मग ज्यांच्याबद्दल हे बोलले जाते त्यांच्याजवळ घटकाभर बसावे, तर तिकडून दुसरे वाक्य ऐकू येते, "जेवढं देतात तेवढं करतो." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. तरीही दोघांच्या मधून काहीतरी निसटलेले असते. ते काय, याचा विचार आम्ही बरीच वर्षे करत आलो आहोत, कारण आमचे बालपण मजुराच्या घरात गेले आणि आता आम्ही पगार घेणारेही आहोत आणि घरात पगार देणारेही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला नेहमी हजरत मूसा (अ.) यांचा मदयनचा किस्सा आठवतो. सूरह कससमध्ये तो आला आहे आणि वाचकांना ठाऊकच आहे. मिसर सोडून थकलेभागलेले मूसा (अ.) मदयनच्या विहिरीपाशी पोहोचले. दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या होत्या. त्यांनी जनावरांना पाणी पाजून दिले, मोबदला मागितला नाही आणि सावलीत जाऊन बसले. मुलींच्या वडिलांनी मात्र त्यांना बोलावणे पाठवले, कशासाठी, तर पाणी पाजल्याचा मोबदला देण्यासाठी. पुढे एका मुलीने सुचवले की यांना कामावर ठेवा, माणूस ताकदीचा आहे आणि विश्वासूही. मग निकाहच्या बोलण्याबरोबरच नोकरीचा करार झाला. मुदत आठ वर्षे. दहा पूर्ण केलीत तर ती तुमची खुशी, तुम्हाला त्रासात टाकण्याचा माझा इरादा नाही, असे त्या बुजुर्गांनी स्पष्ट सांगितले. मूसा (अ.) यांनी मोठी मुदत पुरी केली, असे इब्न अब्बास (र.) यांच्या रिवायतीत येते.

आम्ही हा किस्सा मुलांना शिकवतो तेव्हा त्यातला हिशेब फळ्यावर मांडतो. आठ वर्षे कराराची, दोन वर्षे मनाची. कोणताही मालक पगार देऊन आठ वर्षे घेऊ शकतो. वरची दोन त्याला विकत घेता येत नाहीत, ती मिळतात. पण ती कुणाला मिळतात? न मागितलेल्या कामाचाही मोबदला ज्याने स्वतः बोलावून दिला, करार ज्याने स्वच्छ शब्दांत केला आणि ओझे लादणार नाही असे ज्याने आधीच सांगितले, त्याला.

आमचे अब्बा मालेगावात पॉवरलूमवर होते. मजुरी नगावर, म्हणजे जितके कापड निघेल तितके पैसे. गुरुवारी संध्याकाळी हिशेब, शुक्रवारी सुट्टी. त्यांनी दोन सेठांकडे काम केले. पहिल्याकडे भाव थोडा बरा होता, पण हिशेबाचा दिवस आला की "पुढच्या हप्त्यात बघू" हे ठरलेले. दुसऱ्याकडे भाव किंचित कमी, पण गुरुवारी असरच्या नमाजनंतर पैसे हातात, कापलेले असतील तर का कापले ते सांगून. अब्बा दुसऱ्याकडेच टिकले. लूमवर काम करणाऱ्याला ठाऊक असते की तार तुटली तरी माग चालू ठेवून ताका पुरा करता येतो, दोष कापडात दबून जातो आणि मजुरी पूर्ण मिळते. पहिल्या सेठकडे सगळेच असे करत. दुसऱ्याकडे अब्बा माग थांबवून तार जोडत, म्हणजे स्वतःच्या मजुरीचा वेळ घालवत. अम्मी एकदा म्हणाल्या, "तुम्हाला याचे जास्त मिळतात का?" अब्बा म्हणाले, "त्यांनी कधी माझा गुरुवार चुकवला नाही, मी त्यांचं कापड कसं बिघडवू?"

हेच पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत भेटले तेव्हा आम्हाला गंमत वाटली. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९८२ साली एक लेख लिहिला. नोकरीचा करार हा काही अंशी भेटींची देवाणघेवाण असतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी उदाहरण घेतले एका कंपनीच्या कार्यालयात ग्राहकांच्या पैशांची नोंद करणाऱ्या तरुण मुलींचे. दर तासाला ३०० नोंदी कराव्यात असा नियम होता. मुली सरासरी ३५३ करत. जास्त काम केल्याचा बोनस नव्हता, बढतीचीही फारशी आशा नव्हती. पगार सगळ्यांना सारखा. मग वरच्या ५३ नोंदी कुठून आल्या? अकरलॉफ यांचे उत्तर असे की कंपनी गरजेपेक्षा थोडे चांगले वागते आणि मुली नियमापेक्षा थोडे जास्त देतात. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते दुसऱ्या कामासाठी, पण कामगारांबद्दल विचार करणारे आजही या लेखाकडे वळतात.

मोटारवाले हेन्री फोर्ड यांचा किस्सा याच्याही आधीचा. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात माणसे टिकत नव्हती. सुमारे १४ हजार कामगार कामावर राहावेत म्हणून वर्षाला ५० हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी रोज सव्वादोन-अडीच डॉलरवरून पाच डॉलरवर नेला आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले. माणसे टिकू लागली. फोर्ड काही दानशूर होऊन हे करत नव्हते. पाच डॉलरसाठी अटी होत्या आणि कामगार घरी कसे राहतात हे पाहायला कंपनीची माणसे दारात येत. पण चांगला पगार हा खर्च नसून बचतही असू शकते, हे त्यांनी हिशेबाने दाखवले.

मग पगार वाढवला की काम वाढते, इतके सोपे आहे का? तसेही नाही. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांनी काही तरुणांना पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या तात्पुरत्या कामावर घेतले. जाहिरातीत ताशी १५ युरोचा अंदाज दिला होता. कामावर आल्यावर काहींना १५ दिले, काहींना २० आणि काहींना १०. वीसवाल्यांचे काम पंधरावाल्यांपेक्षा वेगळे दिसले नाही. दहावाल्यांचे काम मात्र वीस टक्क्यांहून अधिक घसरले आणि घसरलेलेच राहिले. मनात धरलेल्या रकमेत वाढ झाली तर माणूस ती आपली समजून घेतो. कपात झाली तर ती जखम होते.

त्याच संशोधकांचा दुसरा प्रयोग आम्हाला अधिक बोलका वाटतो. तिथेही ग्रंथालय, तिथेही नोंदी. काहींना ठरलेल्या पगारावर सात युरो जास्त दिले. कामात फारसा फरक पडला नाही. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास कागदात गुंडाळून भेट दिला. त्यांचे काम सुमारे पाव हिश्शाने वाढले. किंमत सांगून दिला तरी वाढले. मग तिसऱ्या गटाला पुन्हा सात युरोच दिले, पण पाच युरोची नोट घडी घालून तिचा छोटा सदरा केला आणि दोन युरोच्या नाण्यावर हसरा चेहरा रंगवला. थर्मासवाल्यांइतकेच काम यांचेही वाढले. म्हणजे जादू थर्मासात नव्हती. देणाऱ्याने आपल्यासाठी थोडा वेळ घालवला, हात चालवले, हे घेणाऱ्याला दिसले.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही गोष्ट सांगितली की लगेच एक चूक होते. "म्हणजे पगार वाढवायची गरज नाही, ईदला मिठाईचा डबा दिला की झाले," असे एका गृहस्थांनी आम्हाला हसत हसत म्हटले होते. त्या प्रयोगात थर्मास मिळालेल्या प्रत्येकाला आधी पूर्ण पगार मिळत होता. भेट पगाराच्या वर होती, पगाराच्या जागी नव्हती. दोन महिन्यांची मजुरी थकवून दिलेला मिठाईचा डबा घरी उघडताना मजुराच्या बायकोच्या मनात काय येत असेल, ते आम्हाला ठाऊक आहे. पहिल्या सेठकडून असे डबे आमच्या घरी आले होते. अम्मी तो डबा शेजारी देऊन टाकत.

आपल्या देशातला पुरावा याहून जवळचा आहे. ओडिशात पानांच्या पत्रावळी शिवणाऱ्या मजुरांबरोबर संशोधकांनी काम केले. मजुरी नगावर होती आणि सगळ्यांना भाव एकच. फरक एवढाच की काहींना त्यांच्या कमाईतला बराच भाग मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच दिला. पैसे हातात पडल्यावर त्या मजुरांच्या पत्रावळी सुमारे सात टक्क्यांनी वाढल्या. जे जास्त गरीब होते त्यांच्या त्याहूनही अधिक. आणि चुका कमी झाल्या. भाव बदलला नव्हता, माणसे बदलली नव्हती. घरातली उधारी फेडली गेली, डोक्यातली चिंता उतरली आणि डोके कामाला मोकळे झाले. मजुराचा हक त्याला वेळ न दवडता द्यावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याकडे लहान मूलही सांगते. आपण ती मजुरावरची दया समजतो. ओडिशातला हिशेब सांगतो की त्यात काम करवून घेणाऱ्याचेही भले आहे.

ओडिशातच दुसरा एक प्रयोग झाला, तो बरोबरीबद्दल. एकाच तुकडीत एकच काम करणाऱ्या मजुरांना थोडा वेगवेगळा रोज दिला. ज्यांना सोबत्यांपेक्षा कमी मिळत होते त्यांचे काम घटले आणि खाडेही वाढले. त्यांचा स्वतःचा रोज कमी केलेला नव्हता, फक्त शेजारच्याला जास्त मिळत होते. पण जिथे कोण किती काम करतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते, तिथे या फरकाचा असा परिणाम दिसला नाही. फरक असू शकतो, पण त्याचे कारण दिसले पाहिजे. चार मुले असलेल्या प्रत्येक आईला हे प्रयोगाशिवाय माहीत असते.

आता आमच्या स्वतःच्या पेशाकडे येतो. आम्ही बी.एड. करून उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागलो ते शिक्षण सेवक म्हणून. ही योजना आपल्या राज्यात २००० साली आली. पहिली तीन वर्षे ठरलेले मानधन, मग नियमित पगार. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक, तेवढीच मुले, पगार मात्र आमच्या कितीतरी पट. प्राथमिकच्या शिक्षण सेवकांचे मानधन पुढे सहा हजार झाले आणि ते १६ हजार व्हायला २०२३ साल उजाडले. त्या तीन वर्षांत मानधन कधी दोन-दोन महिने येत नसे. आमच्या मुख्याध्यापिका आपा मात्र आमच्या फायलीमागे स्वतः दोनदा कार्यालयात जाऊन आल्या. आम्ही न सांगता गेल्या. त्यांच्या हातात आमचे मानधन वाढवणे नव्हते. जे होते ते त्यांनी केले. त्या वर्षी मराठीत कच्च्या असलेल्या पाच मुलींना आम्ही शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवू लागलो. कुणी सांगितले नव्हते. आपांनीही त्याबद्दल कधी विचारले नाही, फक्त शिपायाला सांगून तो एक वर्ग उशिरापर्यंत उघडा ठेवला.

पगार नियमित झाला तेव्हा आमचे शिकवणे दुप्पट चांगले झाले का? प्रामाणिक उत्तर असे की नाही. इंडोनेशियात सरकारने शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. त्याचा परिणाम ३६० शाळांमध्ये तपासला गेला. शिक्षक समाधानी झाले, पैशांची चिंता घटली, दुसरी नोकरी करणे कमी झाले. मुलांच्या गुणांत मात्र दोन-तीन वर्षांनंतरही वाढ दिसली नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर एक सहकारी रागावले. "मॅडम, हे सरकारच्या कानावर जाऊ देऊ नका," म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही. पण या अभ्यासातून पगार कमी ठेवावा असे निघत नाही. निघते ते असे की पगाराने माणसाची चिंता जाते, आणि चिंता जाणे हा त्याचा हक आहे. चिंता गेल्यावर जो वेळ आणि जे मन मोकळे होते ते मुलांकडे वळायचे असेल, तर शाळेत कुणीतरी विचारणारे, पाहणारे, सोबत उभे राहणारे लागते. आणि शिक्षकालाही स्वतःला विचारावे लागते की आठाच्या पुढचे दोन मी कुणाला देतो?

हे सगळे सेठ, सरकार आणि संस्थांबद्दल बोलून सोडून देणे सोपे आहे. पण आपल्यापैकी बहुतेकजण स्वतःही पगार देणारे आहोत. दोन जागी तर नक्कीच, घरात आणि मोहल्ल्यात.

घरात खाला येतात. त्यांच्या पगाराची तारीख ठरलेली असते का? आपण मे महिन्यात माहेरी गेलो तर त्या महिन्याचे पैसे कापतो का? सुट्टी आपण घेतलेली असते, त्यांनी नव्हे. आणि रमजानमध्ये एक गोष्ट फार घरांत होते. खालांना जकातीचे पैसे दिले जातात आणि मनातल्या मनात तो त्यांचा बोनस म्हणून धरला जातो, किंवा त्यापायी पगारवाढ टाळली जाते. जकात कुणाच्या मेहनतीच्या बदल्यात देता येत नाही, हे आपले उलेमा सांगत आले आहेत. खाला हकदार असतील तर जकात जरूर द्यावी, पण ती अल्लाहचा हक म्हणून. पगार हा त्यांचा हक आहे. एकाच नोटेने दोन्ही हक फिटत नाहीत.

आमच्या घरी पगार एक तारखेला, सुट्टीचे कापायचे नाही आणि दरवर्षी शव्वालमध्ये वाढ, असे ठरलेले आहे. त्याने आमच्या खाला फरिश्ता झाल्या असे नाही. लग्नसराईत त्या आजही न सांगता दोन दिवस गायब होतात. पण आमच्या अम्मी पडून होत्या तेव्हा भांडी झाल्यावर त्या रोज त्यांचे पाय चेपून जात. ते काम ठरलेले नव्हते. आम्ही त्याचे वेगळे पैसे देऊ केले तर त्यांना वाईट वाटले. मग आम्ही त्यांच्या नातीच्या दहावीच्या मराठीची जबाबदारी घेतली. ते त्यांनी आनंदाने घेतले.

मोहल्ल्यात मशिदीचे मुअज्जिन आहेत आणि मक्तबचे उस्ताद आहेत. आपल्या मुलांना कायदा शिकवणारा माणूस महिन्याला किती घरी नेतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? आमच्या मोहल्ल्यात तक्रार होती की मौलवीसाहेब मुलांकडे लक्ष देत नाहीत, घाईत सबक घेतात. खरे होते. त्यांची फी घराघरातून यायची, कुणाची महिन्याने, कुणाची तीन महिन्यांनी, आणि मागायला त्यांनाच दारात उभे राहावे लागे. घर चालवायला ते तीन ठिकाणी शिकवत आणि सकाळी एका दुकानात हिशेब लिहीत. मग आम्ही काही मातांनी मिळून एवढेच केले की सगळ्यांची फी महिन्याच्या शेवटी एकीकडे गोळा करायची आणि एक तारखेला लिफाफ्यात घालून त्यांच्या हातात द्यायची. रक्कमही थोडी वाढवली, कारण हिशेब मांडल्यावर ती फारच थोडी असल्याचे सगळ्यांनाच दिसले. मुलांचे वाचन रातोरात सुधारले असे आम्ही म्हणणार नाही. पण उस्तादांनी तिसरी जागा सोडली आणि मगरिबनंतर मागे पडलेल्या मुलांना थांबवून घेऊ लागले. दारात उभे राहणे बंद झाले, याचा त्यांना पैशांहून अधिक दिलासा वाटला असावा.

यात काम करणाऱ्याची बाजूही आहे. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने सक्त ताकीद दिली आहे. आपण ती दुकानदारापुरती समजतो. पण घेताना पूर्ण आणि देताना कमी, हे मजुरीचेही होते आणि कामाचेही. पूर्ण पगार घेऊन अर्धा तास शिकवणारा शिक्षक आणि पूर्ण काम घेऊन अर्धी मजुरी देणारा सेठ एकाच तराजूचे दोन पारडे आहेत. समोरचा कमी देतो म्हणून आपणही कमी द्यायचे, हा हिशेब सुरू झाला की दोघांचेही घटत जाते. कुणीतरी आधी पूर्ण द्यावे लागते, आणि ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने आधी द्यावे हे न्यायाचे आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या महिन्याची अखेर येईल तेव्हा आपल्याकडे कुणाचा पगार, कुणाची फी, कुणाची मजुरी निघते ते एकदा आठवावे. ठरलेल्या दिवशी, ठरलेली पूर्ण रक्कम, हातात आणि आदराने द्यावी. जमल्यास वर काही भेट द्यावी, पण हकाच्या वर, हकातून नव्हे. आठ वर्षांचा करार आपण नीट पाळला, तर वरची दोन वर्षे देणे हे समोरच्याच्या मनावर आहे. बहुतेक माणसे ती देतात, हा आमचा अनुभव आहे.

अल्लाह आपल्याला देणाऱ्याच्या जागी इन्साफ करण्याची आणि काम करणाऱ्याच्या जागी अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.